सरकारी आणि सरकारमान्य : जर्मनीतल्या ‘फुकट’ शिक्षणातली गल्लत

शेजारचा मुलगा पेढे घेऊन आला. “काका, जर्मनीला अ‍ॅडमिशन झाली. अर्ज केल्यापासून नवव्या दिवशी ऑफर लेटर!” पेढा तोंडात टाकत मी विचारलं, फी किती? “वर्षाला बारा हजार युरो. पण युनिव्हर्सिटी सरकारमान्य आहे, कन्सल्टंटने वेबसाइटवर दाखवलंय.” पेढा घशातच राहिला. त्याच्या घरात वर्षभर ‘जर्मनीत शिक्षण फुकट असतं’ एवढ्या एका वाक्यावर बेत चालले होते, आणि हातातल्या पत्राला ते वाक्य लागूच नव्हतं.

जर्मन भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘श्टाटलिश’ म्हणजे सरकारी, राज्याच्या पैशावर चालणारं विद्यापीठ. ‘श्टाटलिश आनेरकांट’ म्हणजे सरकारने मान्यता दिलेलं, पण खासगी. आपल्याकडे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि एआयसीटीईची मान्यता असलेलं खासगी कॉलेज यांच्यातला फरक दहावीच्या मुलालाही कळतो. परदेशाचं नाव निघालं की तोच फरक आपल्या नजरेतून निसटतो. मान्यतेचा अर्थ इतकाच, की तिथली पदवी कायद्याने पदवी धरली जाते. फीशी तिचा काही संबंध नाही.

सरकारी विद्यापीठांत सहसा फी का नाही, हे कळलं तर पुढचं सोपं जातं. जर्मनीत उच्च शिक्षण हा राज्यांचा विषय आहे आणि सरकारी विद्यापीठांचा खर्च मुख्यतः करातून चालतो. मधल्या काळात काही राज्यांनी फी घेऊनही पाहिली. २००५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने वाट मोकळी केल्यावर सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी आली, तिच्याविरुद्ध आंदोलनं झाली, आणि एकेक राज्य माघार घेत गेलं. शेवटी उरलेल्या लोअर सॅक्सनीनेही २०१४ मध्ये ती बंद केली. विशेष म्हणजे ही सवलत फक्त जर्मन मुलांपुरती ठेवली नाही. नागपूरहून गेलेली मुलगी आणि हॅनोव्हरमध्ये वाढलेली मुलगी बहुतेक राज्यांत एकाच हिशेबात बसतात : दोघींनी सेमिस्टरचं अंशदान भरायचं, साधारण १०० ते ३५० युरो. त्यात विद्यार्थी संघटना, मेससारख्या सोयी आणि बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पास येतो.

‘बहुतेक राज्यांत’ हे मुद्दाम म्हटलं. श्टुटगार्ट, हायडेलबर्ग, कार्ल्सरूह ही शहरं ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात. पीएचडीवाल्यांना त्यातून सूट आहे. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली : पदवीला सेमिस्टरला २,००० किंवा ३,०००, मास्टर्सला ४,००० किंवा ६,००० युरो. म्हणजे सरकारी असूनही फी असू शकते. शिवाय नोकरी केलेल्यांसाठी खास आखलेले मास्टर्सचे अभ्यासक्रम सरकारी विद्यापीठांतही सहसा पैसे घेऊनच चालतात. एमबीए हा त्यातला नेहमीचा सापळा.

नावावरून तर काहीच ओळखू येत नाही. ब्रेमेन शहरात ब्रेमेन विद्यापीठ आहे, ते सरकारी. त्याच शहरात कन्स्ट्रक्टर युनिव्हर्सिटी आहे, ती खासगी. ‘होखशूल’ (उच्च शिक्षणसंस्था) किंवा ‘युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस’ हे शब्द दोन्हीकडच्या पाट्यांवर दिसतात.

मग खासगी म्हणजे फसवणूक का? अजिबात नाही. व्यवस्थापनासाठी फालेन्डारचं डब्ल्यूएचयू, कायद्यासाठी हॅम्बुर्गचं बुसेरियस लॉ स्कूल या खासगीच संस्था आहेत आणि जर्मनीत त्यांना मान आहे. वर्ग लहान, नोकरीसाठी मदत करणारं कार्यालय जागं, अभ्यासक्रम बऱ्याचदा इंग्रजीत. ज्याला हे परवडतं आणि हवं आहे, त्याने खुशाल जावं. माझी तक्रार आहे ती ‘जर्मनी फुकट’ असं सांगून ग्राहक आत घ्यायचा आणि खासगी जागा त्याच्या गळ्यात मारायची, या धंद्याशी. बऱ्याच खासगी संस्था प्रवेशामागे एजंटला कमिशन देतात. सरकारी विद्यापीठाला मुलं शोधत फिरायची गरज नसते. कन्सल्टंटच्या यादीत कोणती नावं वर येतात, याचं कोडं इथे सुटतं.

नऊ दिवसांत आलेलं पत्रही तेच सांगत होतं. सरकारी विद्यापीठांच्या ठरलेल्या तारखा असतात. हिवाळी सत्रासाठी बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, उन्हाळी सत्रासाठी १५ जानेवारी. इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या तारखा अनेकदा त्याआधीच संपतात. अर्ज कित्येकदा ‘युनि-असिस्ट’ या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातो, तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० लागतात. आपले टक्के जर्मन श्रेणीत बदलले जातात, मग उत्तर यायला आठवडे, कधी महिने. खासगीत प्रवेश जवळजवळ वर्षभर चालू.

दोन्हींकडे सारखं काय, तर व्हिसाची वाट. भारतीय विद्यार्थ्याला आधी एपीएस या जर्मन पडताळणी केंद्राकडून शिक्षणाची कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात, आणि राहण्याखाण्याची सोय दाखवायला बहुतेकजण ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्याची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. ही फी नव्हे. पैसे आपलेच असतात, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने परत हातात येतात. पण आधी ते उभे करावे लागतातच, म्हणून ‘फुकट’ शब्दावर भाळून पाच लाखांत जर्मनी होईल असं कुणी धरू नये. तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. त्यातून हातखर्च निघतो, खासगीची फी निघत नाही.

युरो ढोबळमानाने शंभर रुपयांचा धरू. दोन वर्षांच्या मास्टर्सला सरकारी जागेत अंशदान फार तर दीड लाख. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये त्यावर सहा लाख फी. शेजारच्या मुलाच्या पत्रात चोवीस लाख. राहण्याचा खर्च तिन्हीकडे याच्या वर.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. ‘होखशूलकोम्पास’ या जर्मन संकेतस्थळावर तिथल्या विद्यापीठांची नोंद आहे आणि प्रत्येकाच्या नावाखाली चालवणारं कोण, तेही दिलेलं असतं : सरकारी, खासगी किंवा चर्चचं. डीएएडी या जर्मनीच्या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेच्या अभ्यासक्रमांच्या यादीत फी नसलेले कोर्स वेगळे काढता येतात. आम्ही त्याच संध्याकाळी मोबाइलवर त्याच्या विद्यापीठाचं नाव टाकलं. ‘प्रिवाट, श्टाटलिश आनेरकांट’. त्याने ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि मग विचारलं, “काका, १५ जुलैला अजून किती दिवस आहेत?”