आइस हॉकी : होतकरू खेळाडूंची पारख

कनिष्ठ गटात खेळणारा १७-१८ वर्षांचा मुलगा व्यावसायिक आइस हॉकीत, मुख्यतः उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल), कुठवर मजल मारेल याचा अंदाज बांधण्याची पद्धत. अशा मुलाला ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात आणि त्याला हेरणाऱ्याला ‘स्काउट’. आज हा मुलगा किती गोल करतो हे धावफलक सांगतोच. स्काउटला पगार मिळतो तो चोविसाव्या वर्षी, अंगाने भरलेल्या पुरुषांच्या गर्दीत, हा मुलगा काय करील हे सांगण्यासाठी. अंदाज चुकण्याचे प्रमाण मोठे आहे आणि ते कोणी लपवतही नाही.

एनएचएल १९१७ सालची. पण खेळाडू निवडण्याची आजची ‘ड्राफ्ट’ पद्धत १९६३ मध्ये आली. त्याआधी संघ कनिष्ठ संघांना पैसा पुरवत आणि त्या बदल्यात पोरसवदा खेळाडूंचे हक्क बांधून घेत. बॉबी ऑर हा पुढे सर्वकाळातील श्रेष्ठ बचावपटूंत गणला गेलेला खेळाडू बॉस्टन संघाच्या माणसांच्या नजरेस पडला तो १९६१ मध्ये, कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील गॅनानॉक्वे येथील एका स्पर्धेत. तेव्हा तो १२ वर्षांचा होता आणि ही मंडळी आली होती दुसऱ्याच मुलांना पाहायला. १४ व्या वर्षी त्याची करारावर सही झाली होती. श्रीमंत संघांची ही मक्तेदारी मोडावी म्हणून लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी माँट्रियलमध्ये पहिला ड्राफ्ट भरवला. त्यात अवघे २१ खेळाडू निवडले गेले. आज ३२ संघ ७ फेऱ्यांत २२४ निवडी करतात. तळाच्या संघांना आधी संधी मिळते, आणि मुद्दाम हरण्याचा मोह आवरावा म्हणून १९९५ पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडतही काढली जाते.

लीगची स्वतःची ‘सेंट्रल स्काउटिंग’ ही यंत्रणा १९७५ पासून आहे. उत्तर अमेरिकेतले व बाहेरचे खेळाडू वेगळे आणि गोलरक्षक वेगळे, अशा चार याद्या ती हंगामाच्या मध्यात व शेवटी काढते. वर्तमानपत्रे त्याच छापतात. संघांचा मात्र त्यांच्यावर फारसा भरवसा नसतो. प्रत्येक संघाची स्वतःची यादी असते आणि निवडीच्या दिवसापर्यंत ती कुलूपबंद असते.

स्काउटचे काम बाहेरून वाटते तितके रम्य नाही. कॅनडातल्या गावोगावच्या रिंक (बर्फाची मैदाने), स्वीडन-फिनलंडचे हिवाळी दौरे, रात्रीचे लांबलांबचे ड्रायव्हिंग, आणि सामना संपला की लगेच अहवाल. सराव सुरू होण्याआधीच तो येऊन बसतो, शक्यतो वरच्या कोपऱ्यात, कारण तिथून सगळा बर्फ एका नजरेत येतो. प्रेक्षकाची नजर पकमागे (काठीने टोलवायच्या रबरी चकतीमागे) धावते, त्याची पक नसलेल्या खेळाडूवर असते. बचावपटूचेच उदाहरण घ्या. प्रतिस्पर्ध्याने पक कोपऱ्यात टोलवला आणि हा तो आणायला मागे वळला, की पाहायचे ते एवढेच : पकला काठी लागण्याआधी त्याने खांद्यावरून मागे पाहिले का, किती वेळा पाहिले, आणि पाहून जे दिसले त्याप्रमाणे वळण बदलले का. जो पाहत नाही तो कनिष्ठ गटात निभावून जातो, कारण मागून येणारा मुलगाही १७ वर्षांचाच असतो. एनएचएलमध्ये तोच खेळाडू धक्का खाऊन रिंकभोवतीच्या काचेवर आपटतो. अशी बारीकसारीक निरीक्षणे मिळून जे बनते त्याला या धंद्यात ‘हॉकी सेन्स’ म्हणतात, आणि बहुतेक जुनेजाणते स्काउट त्याला ताकदीपेक्षा वरचे स्थान देतात.

स्केटिंग ही दुसरी कसोटी. सरळ रेषेतल्या वेगापेक्षा पहिली तीन पावले, वळताना स्केटच्या कडांवरचा ताबा आणि पाठमोरे सरकताना अचानक दिशा बदलण्याची क्षमता यांना महत्त्व आहे. कच्चे स्केटिंग शिकवून बरेच सुधारता येते; खेळ न वाचता येणे क्वचितच सुधारते. हातांची सफाई, फटक्याचा झटपटपणा आणि हरणाऱ्या सामन्याच्या तिसऱ्या सत्रातही पकसाठी झटण्याची वृत्ती यांचीही नोंद होते. शेवटी दोन अंदाज लिहिले जातात : सगळे जुळून आले तर हा कुठवर पोचेल (‘सीलिंग’) आणि काहीच जुळले नाही तरी निदान काय होईल (‘फ्लोअर’). पहिल्या फेरीतले बरेच वाद या दोन टोकांपैकी कशाला किती भाव द्यायचा, यावरूनच होतात.

वयाचा प्रश्न सर्वांत कमी लक्षात घेतला जातो. ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ चा. केवळ दोन दिवसांच्या फरकाने त्याचा २०१५ चा ड्राफ्ट हुकला. मधले वर्ष त्याने स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या संघातून मोठ्या माणसांत घालवले, ३६ सामन्यांत २४ गोल केले आणि २०१६ मध्ये टोरांटोने त्याला पहिल्या क्रमांकावर उचलले. उलट बाजूला मॅथ्यू शेफर : जन्म ५ सप्टेंबर २००७, म्हणजे २०२५ च्या वर्गातल्या सर्वांत लहान मुलांपैकी एक. कॉलरबोन (गळ्याजवळचे हाड) मोडल्याने त्या हंगामात ऑन्टॅरिओच्या कनिष्ठ लीगमध्ये तो केवळ १७ सामने खेळला होता, तरी न्यूयॉर्क आयलँडर्सनी पहिली निवड त्याचीच केली. एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते, आणि या वयात वर्ष म्हणजे उंचीचे काही इंच आणि वजनाचे कित्येक किलो. कॅनडाच्या बालगटांची वयोमर्यादा कॅलेंडर वर्षाने ठरत असल्याने जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेली मुले तिथल्या निवडक संघांत जास्त दिसतात. रॉजर बार्न्सली यांनी हे १९८० च्या दशकात दाखवून दिले. पुढे २०१३ मधल्या एका अभ्यासात असे निघाले, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या पुढील कामगिरीच्या मानाने उशिरा निवडले जातात. इतकी वर्षे हे माहीत असूनही ते पूर्ण सुधारलेले नाही, याचे नवल वाटते.

आकडेमोडीने गेल्या दोन दशकांत या क्षेत्रात पाय रोवले. गुण (गोल आणि गोलसहाय्य मिळून) जसेच्या तसे तोलता येत नाहीत : कनिष्ठ लीगमध्ये सामन्यागणिक दीड गुण मिळवणारा आणि स्वीडनच्या वरिष्ठ लीगमध्ये चौथ्या, म्हणजे सर्वांत कमी खेळवल्या जाणाऱ्या, फळीत आठ मिनिटे खेळणारा, यांत सरस कोण हे नुसत्या बेरजेवरून कळत नाही. म्हणून पूर्वी तिथून आलेल्या खेळाडूंचे एनएचएलमध्ये काय झाले यावरून प्रत्येक लीगसाठी गुणक काढतात. त्यातही शेजारी कोण खेळत होता आणि किती गुण प्रतिस्पर्ध्याचा माणूस शिक्षा भोगत बाहेर असताना मिळाले, हे वजा करून पाहावे लागते. अमेरिकी विद्यापीठीय स्पर्धेने कॅनडाच्या कनिष्ठ लीगमधील खेळाडूंवरची बंदी २०२५-२६ च्या हंगामापासून उठवली, तसे या गुणकांचे गणितही नव्याने मांडणे भाग पडले. गॅव्हिन मकेनासारखा खेळाडू मेडिसिन हॅट हा कॅनडातला कनिष्ठ संघ सोडून थेट पेन स्टेट विद्यापीठाकडे गेला.

ड्राफ्टपूर्वी शंभरेक मुलांना बोलावून शारीरिक चाचण्या आणि मुलाखती घेतल्या जातात. गेली काही वर्षे हे बफेलोत होते. २०१४ च्या चाचणीत सॅम बेनेटला, जो तेव्हा सेंट्रल स्काउटिंगच्या उत्तर अमेरिकी यादीत अव्वल होता, दांड्याला लोंबकळून एकही पुल-अप काढता आला नाही. बातम्यांना ऊत आला. कॅलगरीने तरी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले, आणि २०२५ मध्ये फ्लोरिडाने स्टॅनली चषक (एनएचएलचे विजेतेपद) जिंकला तेव्हा बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक मिळाला तो याच बेनेटला. संघ या चाचण्यांपेक्षा बंद खोलीतल्या मुलाखतींना अधिक मानतात, ते उगाच नव्हे.

फसलेल्या अंदाजांत १९९३ चे उदाहरण हमखास दिले जाते. ओटावाने अलेक्झांडर डेगला पहिला क्रमांक दिला. ख्रिस प्राँगर दुसरा गेला. डेग ६१६ सामन्यांत १२९ गोलांवर थांबला, प्राँगर २००० साली लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. याउलट डेट्रॉइटने पावेल दात्स्युकला १९९८ मध्ये १७१ व्या आणि हेन्रिक झेटरबर्गला १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर घेतले. दोघांनाही हेरले स्वीडनमध्ये राहणाऱ्या हॉकन अँडरसन याने. दात्स्युकला तर आधी दोन वर्षे कोणी विचारले नव्हते. अंगकाठी लहान, पल्ला रशियाच्या आतल्या भागाचा, मग जाऊन पाहणार कोण? ठेंगण्या खेळाडूंबाबतचा हा आकस आता बराच ओसरला आहे, पण जॉनी गॉड्रो (२०११, १०४ वा) आणि ब्रेडन पॉइंट (२०१४, ७९ वा) इतके खाली सापडले ते याच कारणाने. रशियन खेळाडू करारात अडकलेला असला तर वाट पाहावी लागते, हे आणखी एक भय. किरिल काप्रिझोव्ह २०१५ मध्ये १३५ वा गेला आणि मिनेसोटात उतरला तो थेट २०२०-२१ च्या हंगामात, पण पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला.

गोलरक्षकांपुढे सगळ्यांनीच हात टेकले आहेत. त्यांची वाढ उशिरा आणि बेभरवशाची. २००० साली रिक डिपिएट्रो हा गोलरक्षक सर्वांत पहिला निवडला गेला. पुढे दुखापतींनी त्याची कारकीर्द खाल्ली. त्याच ड्राफ्टमध्ये २०५ व्या क्रमांकावर न्यूयॉर्क रेंजर्सनी हेन्रिक लुंडक्विस्टला घेतले होते, जो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. डोमिनिक हाशेक १९८३ मध्ये १९९ वा होता. पहिल्या फेरीत गोलरक्षक घेणे म्हणूनच अजूनही धाडसाचे समजतात.

खालच्या फेऱ्या कंटाळवाण्या किती असू शकतात याची साक्ष म्हणून १९७४ चा किस्सा सांगतात. प्रतिस्पर्धी लीगला सुगावा लागू नये म्हणून तो ड्राफ्ट टेलिफोनवरून चालला होता. बफेलोचे वैतागलेले व्यवस्थापक ‘पंच’ (हे टोपणनाव) इमलाक यांनी १८३ व्या क्रमांकावर जपानचा तारो त्सुजिमोतो निवडला. लीगने नाव नोंदवूनही घेतले. असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता.

निवड झाली म्हणजे पारख संपली असे नाही. बहुतेक मुले आणखी दोन-तीन वर्षे आपल्या लीगमध्ये किंवा एनएचएलच्या खालच्या पायरीवरील अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळतात आणि संघाचे प्रशिक्षक त्यांचा आढावा घेत राहतात. ज्यांना कोणीच घेतले नाही तेही बाद होत नाहीत. मार्टिन सेंट लुई ड्राफ्टमध्ये कधीच निवडला गेला नाही, तरी २००४ चा हार्ट करंडक (लीगच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा) त्याचाच. भारतीय वंशाच्या खेळाडूंत दोन्ही वाटा दिसतात : मॅनी मल्होत्रा १९९८ मध्ये सातव्या क्रमांकावर रेंजर्सकडे गेला, तर ब्रिटिश कोलंबियातील सरीचा अर्शदीप बैन्स ड्राफ्टमध्ये राहूनच गेला. २०२१-२२ मध्ये रेड डिअरकडून वेस्टर्न हॉकी लीग या कनिष्ठ लीगमध्ये त्याने सर्वाधिक ११२ गुण मिळवले, त्याच हंगामात व्हँकूव्हरने त्याच्याशी करार केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला.