किलपेकचा ससा आणि दगडाला लागणारा लोणा

किलपेक हे इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधलं, वेल्सच्या सीमेजवळचं बारकं खेडं. तिथलं सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड चर्च साधारण 1140 सालचं. फोटो बघितले की लोक हमखास म्हणतात, नऊशे वर्षं जुनं आणि कोरीवकाम इतकं शार्प? नंतर बसवलं असणार, नाहीतर त्या काळी काहीतरी गुप्त तंत्र असणार. तसं काही नाही. उत्तर दगडात आहे, आणि मला विचाराल तर मिठात आहे.

आधी थोडा इतिहास. गावात नॉर्मन सरदाराचा किल्ला होता, त्याची मातीची टेकडी अजून चर्चच्या मागे आहे. त्याच घराण्यातल्या ह्यूने 1134 मध्ये इथलं त्या वेळचं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दिलं. शिल्पकारांची नावं कुठेच नाहीत, पण हात एकदम तयार. दक्षिणेच्या दारावर वेली, ड्रॅगन, वेलीत गुंतलेले सैनिक, आणि छताच्या कडेखाली भिंतीभर बाहेर आलेल्या दगडी ब्रॅकेटांवर प्राणी-माणसं. अशी 85 ब्रॅकेटं शिल्लक आहेत. त्यातलं एक म्हणजे एकमेकांना खेटून बसलेले कुत्रा आणि ससा, कुत्र्याचे कान लोंबलेले, डोळे बटबटीत, अगदी कालच्या कार्टूनमधून उचलल्यासारखे.

दगड आहे ओल्ड रेड सँडस्टोन, वय सुमारे 40 कोटी वर्षं. तेव्हा ब्रिटनची जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि नद्या डोंगरांवरची वाळू आणून तिथे पसरत होत्या. लाल रंग हेमटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा थंड होऊन झालाय, याउलट सँडस्टोन म्हणजे वाळूचे कण मधल्या मसाल्याने चिकटलेले, हा मसाला कुठे सिलिकाचा, कुठे कॅल्साइटचा (चुनखडीतलं खनिज), कुठे चिकणमातीचा, आणि कणांमध्ये असंख्य बारीक पोकळ्या. दगड किती टिकणार हे कडकपणापेक्षा जास्त या पोकळ्यांवर आणि मसाल्यावर ठरतं.

ऊन-वारा-पावसाने दगड झिजतो असं आपण शाळेत शिकलो. झिजतोच, पण कोरीवकामाचा खरा शत्रू मीठ. जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतं, सोबत विरघळलेले क्षार घेऊन. ते पाणी दगडाच्या पृष्ठभागावर येऊन सुकलं तर नुसता पांढरा थर, म्हणजे लोणा, दिसतो, जुन्या माठावर बाहेरून पांढरं येतं ना, तेच. माठाचं त्याने काही बिघडत नाही. पण पाणी पृष्ठभागाच्या जरा आत, दोन-चार मिलिमीटरवर सुकलं तर मिठाचे स्फटिक पोकळीतच वाढायला लागतात, आणि इथे खरी गंमत आहे.

स्फटिक आधी मोठ्या पोकळीत वाढतो, कारण बारक्या पोकळीत घुसायला त्याला जास्त संपृक्त, म्हणजे जास्त मीठ विरघळलेलं, द्रावण लागतं. मग मोठी पोकळी भरली की थांबायला हवा ना? नाही थांबत. स्फटिक आणि वाळूचा कण यांच्यामध्ये पाण्याचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा राहतो, शेजारच्या बारक्या पोकळ्यांमधून त्यात नवीन आयन (विरघळलेल्या मिठाचे भारित कण) येत राहतात, आणि स्फटिक वाढत वाढत कणांना ढकलतो. हा दाब द्रावण किती अतिसंपृक्त आहे त्याच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो. दगड बाहेरून दाबलेला बराच सोसतो, आतून ताणलेला फार कमी. कण सुटतात, कडा गळते, नाक जातं, कान जातो.

सगळ्यात वाईट मीठ सोडियम सल्फेट. कोरडा असताना त्यात पाणी नसतं, दमट हवेत तो विरघळून पुन्हा स्फटिक होताना पाण्याचे दहा रेणू घेतो आणि घनफळ तिपटीहून जास्त होतं. हवा कोरडी, दमट, परत कोरडी, असं वर्षानुवर्षं चालू.

आता किलपेकचा ससा बघा. तो छताखाली, जमिनीच्या ओलीपासून लांब. आसपास कारखाने नाहीत, म्हणजे कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड फारसा नाही, जो कॅल्साइटचं जिप्सम (एक मऊ क्षार) करून काळी खपली आणतो. दार मात्र खाली आहे, तिथे दगड निवडणाऱ्याला दाद द्यावीच लागेल. याउलट इंग्लंडमधल्याच चेस्टर शहराचं कॅथेड्रल, तोही लालच सँडस्टोन पण वेगळा, नंतरच्या काळातला आणि मऊ. तो इतका गळला होता की एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटला बाहेरचा बराच दगड बदलावा लागला.

जाता जाता, किलपेकच्या दारावरचा तोंडातून पानं बाहेर येणारा चेहरा दिसला की 'हा प्राचीन निसर्गदेव ग्रीन मॅन' म्हणून सांगणारे बरेच भेटतात. चर्चमधल्या अशा चेहऱ्यांना हे नाव आणि ही कथा लोककथांच्या हौशी अभ्यासक लेडी रॅगलननी 1939 मध्ये जोडली. नऊशे वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या मनात काय होतं त्याचा हा पुरावा नाही. इथल्याच एका ब्रॅकेटवरच्या, पाय फाकवून बसलेल्या शीला-ना-गिग या बाईच्या शिल्पावरून पण असंच, कोणी तिला देवी म्हणतं, कोणी वासनेविरुद्धचा इशारा, अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

जुन्या भिंतींना सिमेंट फासणं हा मात्र खरा घोळ. चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, पाणी बाहेर जातं, मीठही चुन्यातच साठतं, चुना खराब झाला की खरवडून नवीन भरायचा. सिमेंट पाणी सोडत नाही, मग ते दगडातूनच बाहेर पडतं. मुरलेलं मीठ काढायला ओल्या कागदाच्या लगद्याचा किंवा मातीचा लेप लावतात, लेप सुकताना क्षार ओढून घेतो, पण त्याच लेपातलं पाणी थोडं मीठ अजून आतही ढकलतं, म्हणून लेप पुन्हा पुन्हा लावावा लागतो आणि तरी सगळं निघत नाही.