निवडणूक देणगी : कोणाला द्यायची आणि कोणत्या वाटेने

राजकीय देणगीचा निवडणुकीवर किती परिणाम होईल, हे भारतात रकमेइतकेच ती कोणत्या वाटेने दिली जाते यावर ठरत आले आहे. ही वाट गेली सात दशके न्यायालये आणि संसद यांच्या ओढाताणीतून आखली गेली.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घातली, पक्षाच्या खर्चाला मात्र घातली नाही. कंपन्यांनी देणग्या द्याव्यात की नाहीत, याबाबत कायदा मौनच होता. राजकीय पक्षांना निधी देता यावा म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे ठरवणाऱ्या मूळ दस्तऐवजात, दुरुस्ती करायचे ठरवले, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. अडवणारा कायदाच नसल्यामुळे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी 1957 साली ही दुरुस्ती मान्य केली. पण हा धोका झपाट्याने वाढून अखेरीस लोकशाहीचाच गळा घोटू शकेल, असा इशाराही निकालपत्रात देऊन ठेवला. संसदेने 1960 मध्ये मर्यादा आणली ती 25,000 रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 5 टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढी. बड्या कंपन्यांना ती जाचक वाटण्याचे कारण नव्हते.

देणगीदार काय साधू पाहतो, याचे त्या काळातले बोलके उदाहरण जे. आर. डी. टाटा यांचे आहे. काँग्रेसला देणगी देत असतानाच, देशाला सक्षम विरोधी पक्ष हवा म्हणून 1959 मध्ये स्थापन झालेल्या ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाच्या पक्षालाही आपण निधी देणार, असे त्यांनी 1961 साली पंतप्रधान नेहरूंना स्वतःहून कळवले होते. इतका उघडपणा पुढे क्वचितच दिसला. 1967 च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षाला लोकसभेत 44 जागा मिळाल्या आणि 1969 मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. उद्योगपतींचा राजकारणावरील प्रभाव रोखणे हे सांगितले गेलेले कारण होते. विरोधकांची रसद तोडणे हा खरा हेतू असल्याचे अनेक अभ्यासक मानतात, आणि कालक्रम पाहता ते पटण्यासारखे आहे. बंदीमुळे देणग्या हिशेबवहीतून गेल्या, व्यवहारातून गेल्या नाहीत. रोख आणि बेहिशेबी पैशाचे महत्त्व मात्र वाढले.

यापेक्षाही दूरगामी ठरला तो 1974 चा प्रसंग. ‘दिल्ली सदर’ या लोकसभा मतदारसंघातील 1971 ची निवडणूक रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरला पाहिजे, अन्यथा मर्यादेला अर्थ उरत नाही. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून हा निर्णय निष्प्रभ केला. उमेदवाराला दिलेला रुपया मर्यादेत अडकतो आणि पक्षाला दिलेला मोकळा राहतो, हे गणित तेव्हा पक्के झाले. 2003 साली ही सूट बरीच आवळून मुख्यतः नेत्यांच्या प्रचारप्रवासापुरती ठेवण्यात आली; तरी मोठ्या राज्यांत लोकसभा उमेदवाराला 95 लाखांची मर्यादा असताना पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही कमाल मर्यादा नाही.

कंपन्यांवरील बंदी 1985 मध्ये उठली, 2003 मध्ये देणग्यांना करसवलत मिळाली आणि 2013 च्या कंपनी कायद्याने नफ्याच्या 7.5 टक्क्यांची मर्यादा ठरवली. 2017 मध्ये ती मर्यादाच काढून टाकली गेली आणि पुढच्या वर्षी निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून देता येणारी पत्रे, आली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून मिळणाऱ्या या रोख्यावर देणगीदाराचे नाव नसे. अतिनील प्रकाशातच दिसणारा एक क्रमांक मात्र असे. रोखा 15 दिवसांत वटवावा लागे. किमान मूल्य 1,000 रुपये असले, तरी बहुतांश रक्कम एक कोटीच्या रोख्यांतूनच गेली, यावरून ही सोय कोणाच्या उपयोगाची होती ते कळते. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मतदाराच्या माहितीच्या हक्काचा दाखला देत योजना घटनाबाह्य ठरवली, आणि त्या दडलेल्या क्रमांकांमुळेच कोणाचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला हे जुळवता आले.

त्यानंतर मोठ्या देणगीदारांचा ओढा पुन्हा निवडणूक न्यासांकडे, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या इलेक्टोरल ट्रस्टकडे वळला. 2013 च्या योजनेनुसार न्यासाला वर्षभरात जमलेल्या निधीपैकी किमान 95 टक्के रक्कम पक्षांना वाटावी लागते आणि देणगीदार व लाभार्थी या दोहोंच्या याद्या जाहीर कराव्या लागतात. मात्र अनेक कंपन्यांचा पैसा एकत्र झाल्यावर त्यातला कोणाचा रुपया कोणत्या पक्षाकडे गेला, हे त्या याद्यांवरून सांगता येत नाही.