उसातला जिवाणू आणि दुकानातली बाटली

आडसाली, म्हणजे पावसाळ्यात होणाऱ्या ऊस लागणीचा हंगाम जवळ आला की कराड, वाळवा, पलूस या भागांतील कृषी सेवा केंद्रांमध्ये जिवाणू खतांच्या बाटल्या दिसू लागतात आणि त्यांच्यासोबत ‘आता युरिया विसरा’ अशा जाहिरातीही येतात. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस असताना तो सगळा एका बाटलीतून मिळेल, असे सांगणे ही विज्ञानाच्या नावावर केलेली फसवणूक आहे. मात्र या फसवणुकीमुळे उसातच राहून हवेतील नत्र मिळवून देणाऱ्या ॲसिटोबॅक्टर या जिवाणूविषयीच अविश्वास वाढावा, हे मला अधिक नुकसानकारक वाटते. बेणेप्रक्रियेत, म्हणजे लागणीच्या कांड्या (बेणे) द्रावणात बुडवताना, ॲसिटोबॅक्टर वापरल्यास निम्म्यापर्यंत नत्रखत वाचू शकते, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. ही बचत शिवारात उतरते की नाही, हे मुख्यतः तो जिवाणू बेण्यापर्यंत जिवंत पोहोचतो का, यावर ठरते.

शेतकरी ज्याला ॲसिटोबॅक्टर म्हणतात त्याचे आजचे शास्त्रीय नाव ग्लुकोनॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस असे आहे. १९८८ मध्ये ब्राझीलमधील योहाना डोबेरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने उसाच्या मुळांतून व कांड्यांतून तो वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. तो मातीत स्वतंत्रपणे फारसा टिकत नाही. उसाच्या आतच राहतो आणि कांडीबरोबर पुढच्या लागणीत जातो. म्हणूनच तो सरीत फेकण्यापेक्षा बेण्याला देणे योग्य ठरते.

त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला तरी त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. युरियासाठी लागणारा अमोनिया तयार करताना कारखान्यात हा बंध ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानात आणि हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाबाखाली तोडावा लागतो. जिवाणूमधील नायट्रोजनेज हे विकर (एन्झाइम) तेच काम शेतातल्या तापमानात करते. मात्र नायट्रोजनच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू घडवताना त्याला किमान १६ एटीपी, म्हणजे पेशीतील ऊर्जेचे १६ रेणू, आणि ८ इलेक्ट्रॉन खर्चावे लागतात. इतकी ऊर्जा मिळवायची तर साखर ऑक्सिजनच्या साहाय्याने जाळली पाहिजे, आणि नेमका ऑक्सिजनच नायट्रोजनेजला काही मिनिटांत निकामी करतो. हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींत लेगहिमोग्लोबिन हे लाल प्रथिन ऑक्सिजनला बांधून ठेवून हा पेच सोडवते. उसाला तर अशा गाठीच नसतात. तेथे हा जिवाणू दोन उपाय करतो: भरपूर साखर जाळून आत शिरणारा ऑक्सिजन झपाट्याने संपवतो, आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो. सुक्रोजपासून बनणारी लेव्हान ही बहुशर्करा या आवरणात असते. ते ऑक्सिजनचा प्रवेश मंद करते, त्यामुळे वसाहतीच्या आत श्वसनाला पुरेल पण विकराला मारणार नाही इतकाच ऑक्सिजन उरतो. प्रयोगशाळेत १० टक्के साखर घातलेल्या माध्यमातही तो उत्तम वाढतो, कारण उसाचा रस हेच त्याचे घर आहे.

मात्र या गुणांचा उत्पादन करताना सर्वत्र उपयोग होत नाही. किण्वकात, म्हणजे निर्जंतुक केलेल्या बंद टाकीत, संख्या वाढवण्यासाठी त्याला हवा खेळती ठेवावी लागते. टाकी मोठी होत गेली की आतली उष्णता बाहेर काढणे आणि प्रत्येक थेंबापर्यंत हवा पोहोचवणे अवघड होते. गोड व किंचित आम्ल माध्यमात अनेक परके जिवाणू वाढत नाहीत, पण यीस्टला ते मानवते. त्यामुळे निर्जंतुकीकरणात एकदा चूक झाली तर सगळा घाणा, म्हणजे टाकीतला सगळा माल, वाया जातो.

त्यानंतर येणारी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. बॅसिलस जातीचे जिवाणू कठीण बीजाणू तयार करून उष्णता आणि कोरडेपणा सहन करतात, ट्रायकोडर्मा बुरशीलाही बीजाणू असतात. ॲसिटोबॅक्टरला ते नाहीत. लिग्नाइट या कोळशाच्या भुकटीत मिसळलेल्या किंवा द्रवरूपात बाटलीत भरलेल्या त्याच्या पेशी पहिल्या दिवसापासून मरू लागतात. ग्लिसरॉल, ट्रेहॅलोज यांसारखी संरक्षक द्रव्ये हा वेग कमी करतात, परंतु मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या खोक्याला त्यांचा फारसा आधार राहत नाही. २००६ पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली असून, भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी असणे बंधनकारक आहे. ही संख्या केवळ तयार होताना नव्हे, तर मुदत संपेपर्यंत टिकली पाहिजे, आणि खरा उत्पादनखर्च येथेच येतो. ज्या बाटलीवर जिवाणूचे नाव, पेशींची संख्या आणि उत्पादनाची तारीख छापलेली नाही, तिच्यात काय आहे हे कोणालाही सांगता येणार नाही.

काही सहकारी साखर कारखाने आपल्या सभासदांसाठी स्वतःच्या प्रयोगशाळेत जिवाणू खते बनवतात. मला ही पद्धत या नाजूक जिवाणूला अधिक मानवणारी वाटते, कारण लागणीच्या तारखा कारखान्याच्या शेती विभागाकडे नोंदलेल्या असतात, त्यानुसार घाणा लावता येतो आणि माल महिनोन्महिने दुकानात पडून राहत नाही.

बेणेप्रक्रियेचा क्रमही याच कारणाने ठरलेला आहे. आधी बुरशीनाशकाच्या द्रावणात बेणे बुडवून ते निथळू द्यायचे, आणि त्यानंतर हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर व सव्वा किलो स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून त्यात बेणे अर्धा तास ठेवायचे. दोन्ही द्रावणे वेळ वाचवण्यासाठी एकाच पिंपात केली, तर बुरशीनाशक या पेशींनाही अपाय करू शकते.