संग्रहालय झालेलं घर आणि घरातलं संग्रहालय

जुनी देखणी वास्तू, दाराशी पाटी, आत काचेची कपाटं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पण एका ठिकाणी आपण घर बघायला जातो, दुसऱ्या ठिकाणी घरात मांडलेल्या वस्तू.

मुंबईचं मणिभवन पहिल्या प्रकारातलं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम इथे असे. त्यांची बसायची जागा, चरखा, सगळं त्या खोलीत मांडलेलं आहे. तोच चरखा दुसऱ्या इमारतीत हलवला, तर उरेल नुसता चरखा.

अहमदाबादचं कॅलिको वस्त्रसंग्रहालय याच्या उलट. गिरणीमालक साराभाई कुटुंबातल्या गौतम आणि गिरा या भावंडांनी ते १९४९ साली सुरू केलं. पुढे ते शाहीबागेतल्या ‘रिट्रीट’ या कुटुंबाच्या बंगल्यात आलं. पत्ता बदलला, संग्रहालय तेच राहिलं.

खरा फरक कळतो तो खिडक्यांपाशी. मोठ्या खिडक्या ही बंगल्याची शोभा, पण जुन्या कापडाचा तो काळ. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, म्हणून कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. तेव्हा वस्त्रांसाठी घर अंधारात ठेवावं लागतं. घर दाखवायचं तर खिडक्या उघडाव्यात. (अंधुक दालनात कुरकुर करणारे खूप भेटतात. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा की!) मग गुजरातेतल्या पाटणचं पटोळं, म्हणजे तिथली रेशमी साडी, नीट दिसतं. त्याचे उभे-आडवे दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून रंगवलेले असतात आणि मागावर ठिपक्याला ठिपका जुळवावा लागतो. जुळणी केसभर सरकते, म्हणून नक्षीच्या कडा किंचित पुसट. उलट-सुलट मात्र दोन्हीकडून सारखंच.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय या वाटणीत सरळ बसत नाही. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री अशा रोजच्या वापरातल्या कारागिरीचा हा संग्रह, म्हणजे दुसरा प्रकार. पण कोथरूडचा मस्तानी महाल तिथून उचलून इथे आत उभा केलाय. इथे घरच वस्तू होऊन दालनात येऊन बसलंय.