ऑनलाइन डिग्री चालत नाही? कोण म्हणतं!

दांडिया बाजारात परवा एका काकूंकडून पुन्हा तेच ऐकलं: "ऑनलाइन बी.कॉम.? सरकारी नोकरीत कोण विचारतंय!" काकू, विचारतात हो. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलंय.

मेख आहे ती 'मान्यताप्राप्त' या शब्दात. विद्यापीठ खरं असलं तरी नेमका तोच कोर्स मंजूर नसू शकतो. म्हणून पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर विद्यापीठ आणि कोर्स अशी दोन्ही नावं, शिवाय कोणत्या वर्षासाठी मंजुरी आहे तेही बघा. आमच्या भाच्याने नुसतं चकचकीत माहितीपत्रक पाहून पाच हजार भरले; गेलेच ते.

इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंगच्या पदव्या मात्र पूर्ण ऑनलाइन मिळत नाहीत. तेवढ्यापुरतं काकूंचं खरं.