एक समिती विचारते ‘कशासाठी?’, दुसरी विचारते ‘कोणत्या अधिकारानं?’

दुचाकीवर चार वर्षांच्या आतलं मूल बसवायचं तर त्याला चालकाशी बांधणारा सेफ्टी हार्नेस लागतो, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट लागतं आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. सिंहगड रोडवर हे कितीजण पाळतात तो विषय वेगळा. पण मोटार वाहन अधिनियम, १९८८ उघडून हा ४० चा आकडा शोधायला गेलात तर तो सापडणार नाही. कलम १२९ एवढंच म्हणतं की चार वर्षांवरच्या प्रत्येकानं हेल्मेट घालावं, आणि त्याखालच्या मुलांसाठी केंद्र सरकार नियम करू शकतं. हार्नेस आणि वेग केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आले, फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनं, आणि एक वर्षानं लागू झाले.

कलम १२९ वर खासदारांनी मतदान केलं. ४० च्या आकड्यावर कुणीही केलं नाही. तो मंत्रालयात ठरला आणि राजपत्रात छापून आला. म्हणून ‘हे संसदेनं तपासलं का?’ या प्रश्नाला दोन उत्तरं असतात आणि ती दोन वेगळ्या समित्यांकडून येतात. एक, वाहतूक, पर्यटन आणि संस्कृती या विषयांची विभागीय स्थायी समिती. दुसरी, अधीनस्थ विधान समिती, म्हणजे कायद्याच्या आधारे सरकारनं केलेले नियम तपासणारी. बातमीत दोघींचा उल्लेख ‘संसदीय समिती’ असाच होतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पुण्यात त्यात एक जादा घोळ आहे. इथे ‘स्थायी समिती’ म्हटलं की महापालिकेची आठवते, निविदा आणि खर्च मंजूर करणारी. संसदेची स्थायी समिती एक रुपयाही मंजूर करत नाही. ती तपासते, विचारते, शिफारस करते. ती शिफारस सरकारवर बंधनकारक नसते.

ही विभागीय समित्यांची पद्धत १९९३ पासूनची. तेव्हा १७ समित्या होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मुदत एक वर्ष. मंत्र्याला सदस्य होता येत नाही, त्यामुळे पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ केंद्रात नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री झाल्यावर अशा कुठल्याच समितीवर बसू शकत नाहीत. समितीसमोर उत्तरं द्यायला मंत्री येत नाहीत, मंत्रालयाचे सचिव आणि अधिकारी येतात. अध्यक्षाच्या खुर्चीत मंत्रीच बसलेले दिसले तर ती मंत्रालयाची सल्लागार समिती समजावी. तिथे चर्चा होते, अहवाल निघत नाही. तो प्रकार इथे बाजूलाच ठेवू.

वाहतूक समितीला चार कामं नेमून दिली आहेत: मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या (म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेले पैसे), सोपवलेली विधेयकं, वार्षिक अहवाल आणि दीर्घ पल्ल्याची धोरणं. रोजचा कारभार तिच्या कक्षेबाहेर आहे, आणि इथेच बहुतेक पुणेकरांचं निवेदन वाया जातं. ‘नवले पुलाच्या उतारावर अमुक तारखेला अपघात झाला, कारवाई करा’ ही तक्रार झाली. ती महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा पोलिसांकडे जायला हवी. ‘राष्ट्रीय महामार्गावरच्या अपघातप्रवण जागा ठरवण्याची पद्धत काय, एकदा ठरलेल्या जागेची दुरुस्ती किती काळ रखडते, त्यासाठीची तरतूद खर्च का होत नाही’ हा मात्र समितीचा विषय आहे. उदाहरण म्हणून नवले पूल त्यात खुशाल घालावा.

विधेयकांच्या बाबतीत ‘सोपवलेली’ हा शब्द नीट वाचावा. समिती स्वतःहून विधेयक ओढून घेत नाही. मोटार वाहन दुरुस्ती विधेयक २०१६ मध्ये आलं, या समितीकडे गेलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तिचा अहवाल आला. लोकसभेनं ते एप्रिलमध्ये मंजूर केलं. राज्यसभेनं पुन्हा प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीकडे, धाडलं, तिचे अध्यक्ष विनय सहस्रबुद्धे होते. तोही अहवाल डिसेंबर २०१७ मध्ये आला, पण विधेयक राज्यसभेत अडकलं ते अडकलंच आणि सोळावी लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. २०१९ मध्ये नवं विधेयक आलं ते कुठल्याही समितीकडे न जाता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन्ही सभागृहांतून पार पडलं. आज चलानवर जे वाढीव दंड दिसतात ते त्यातूनच आले. जुन्या अहवालांचा उपयोग झाला नाही असं नाही, पण नव्या मजकुरावर समितीची नजर पडली नाही हे खरं.

पुणेकरांना आणखी एक गोष्ट चकवते. ‘वाहतूक’ नावाची समिती असली तरी शहरातली सगळी वाहतूक तिच्याकडे नाही. लोणावळा लोकल रेल्वेच्या वेगळ्या स्थायी समितीकडे येते. मेट्रो गृहनिर्माण आणि शहरी कामकाजाच्या समितीकडे येते. लोहगावचं टर्मिनल नागरी विमान वाहतुकीत, म्हणजे वाहतूक समितीकडे, पण धावपट्टी हवाई दलाची, म्हणून संरक्षण समिती. पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची कंपनी. तिचा दिल्लीतल्या समितीशी संबंध नाही.

आता दुसरी समिती. हिच्या बातम्या क्वचित येतात, पण आरटीओत आपल्याला भिडणाऱ्या बहुतेक गोष्टी हिच्या हद्दीतल्या आहेत. उच्च सुरक्षा नंबरप्लेट केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५० मधून आली. पीयूसी, फिटनेस, लायसन्सच्या अर्जाचे नमुने, फी, सगळं नियमांत. लोकसभेची समिती १९५३ पासूनची, राज्यसभेची १९६४ पासूनची. दोन्ही सभागृहांची समिती स्वतंत्र, प्रत्येकीत १५ सदस्य. स्थायी समितीसारखी ती संयुक्त नसते.

तिचे प्रश्न वकिली थाटाचे असतात. मूळ कायद्यानं दिलेल्या अधिकाराच्या आत राहून नियम केला आहे का? जे कायद्यातच यायला हवं होतं ते नियमात घुसवलंय का? फीच्या नावाखाली कर लावलाय का? मागच्या तारखेपासून लागू करण्याचा अधिकार कायदा देत नसताना तसं केलंय का? न्यायालयाचा रस्ता बंद केलाय का? राजपत्रात छापायला किंवा सभागृहाच्या पटलावर ठेवायला, म्हणजे सभागृहात रीतसर सादर करायला, विनाकारण उशीर केलाय का? ‘अधिकाऱ्यास योग्य वाटेल त्याप्रमाणे’ अशी मोकळीक दिसली की ही समिती हमखास अडते. हार्नेस महाग आहे का, तो बाजारात मिळतो का, हे ती सहसा विचारणार नाही. ते धोरण झालं.

नियम तयार होण्याचा क्रम माहीत असला की कुठे बोलायचं ते कळतं. आधी मसुदा राजपत्रात येतो. मोटार वाहन अधिनियमाचं कलम २१२ पूर्वप्रसिद्धी बंधनकारक करतं, आणि हरकती-सूचनांसाठी सहसा ३० दिवस मिळतात. मग अंतिम अधिसूचना. ती छापली त्या दिवशी, किंवा तिच्यात लिहिलेल्या तारखेला, नियम लागू होतो. संसदेची वाट पाहत नाही. त्यानंतर नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवतात. अधिवेशन चालू असेल तर छपाईपासून १५ दिवसांत, नसेल तर पुढचं अधिवेशन सुरू झाल्यापासून १५ दिवसांत ठेवावा अशी समितीची अपेक्षा असते. अधिवेशनाचे एकूण ३० दिवस तो पटलावर राहतो, एका अधिवेशनात नाहीतर लागोपाठच्या. ठरलेल्या मुदतीत दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तर तो बदलतो किंवा रद्द होतो. पण तोवर त्याखाली जे झालं ते कायम राहतं. भरलेला दंड परत मिळत नाही.

म्हणजे ही तपासणी नियम लागू झाल्यावरची. ती निरुपयोगी नाही, पण तिच्या भरवशावर ३० दिवसांची हरकतीची मुदत सोडणं शहाणपणाचं नाही. शहराच्या विकास आराखड्यावर हजारोंनी हरकती नोंदवणारं हे शहर केंद्रीय नियमांच्या मसुद्याकडे ढुंकूनही पाहत नाही, याचं आश्चर्य वाटतं. हरकत लिहिताना मसुद्याचा क्रमांक, नियमाचा व पोटनियमाचा क्रमांक, मसुद्यातले शब्द आणि त्याऐवजी हवे असलेले शब्द, एवढं द्यावं. ‘जनतेवर अन्याय होतो’ या वाक्यावर अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही.

दोन्ही समित्यांतला फरक टोलवर सगळ्यात स्वच्छ दिसतो. खेड-शिवापूरसारख्या राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्याचा दर २००८ च्या शुल्क नियमांतल्या सूत्रानं ठरतो. मूळ दरात दरवर्षी ३ टक्के, अधिक घाऊक किंमत निर्देशांकातल्या वाढीच्या ४० टक्के, आणि सुधारित दर १ एप्रिलपासून. स्थायी समिती मंत्रालयाला विचारेल: टोल घेता, मग देखभालीवर खर्च किती, काम अर्धवट असताना वसुली का, सूत्र आजच्या काळाला धरून आहे का? अधीनस्थ विधान समिती विचारेल: राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ सेवेपोटी शुल्क घ्यायची मुभा देतो, मग हे सूत्र त्या मुभेत बसतं का? दर अन्यायकारक वाटत असेल तर पहिलीकडे जावं. दर बेकायदा वाटत असेल तर दुसऱ्या समितीकडे. लोक दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात आणि निवेदन चुकीच्या दारात पडतं.

दोन्हींचा शेवट मात्र सारख्या चाकोरीत होतो. अहवाल सभागृहात मांडला जातो. स्थायी समितीच्या शिफारशींवर मंत्रालयानं तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं आणि त्या उत्तरांवर समिती पुन्हा एक कार्यवाही अहवाल काढते. त्यात शिफारशींची वर्गवारी असते: सरकारनं मान्य केलेल्या, उत्तर पाहून समितीनं सोडून दिलेल्या, उत्तर समितीला न पटलेल्या आणि अंतिम उत्तर यायचं असलेल्या. मूळ अहवाल चाळायला वेळ नसेल तर न पटलेल्यांचं प्रकरण तेवढं वाचावं. खरी झटापट तिथे असते.

स्थायी समितीला निवेदन पाठवायचं तर ती एखादा विषय हाती घेऊन जाहीर सूचना काढते तेव्हा, सहसा १५ दिवसांच्या आत. सूचनेत हिंदी किंवा इंग्रजीत मागितलेलं असतं, म्हणून मराठी मजकुराचं भाषांतर आधी करून ठेवावं. प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं असेल तर तसं निवेदनात स्पष्ट लिहावं लागतं. आणि एकदा पाठवलेलं निवेदन हा समितीचा गोपनीय दस्तऐवज होतो. तो लगेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो, हे उत्साही मंडळींनी ध्यानात ठेवावं.

हातातला कागद नेमका काय आहे हे आधी पाहावं. केंद्राच्या राजपत्राच्या हिंदी भागात ‘सा.का.नि.’ असेल तर तो सहसा नियम असतो आणि पुढे ‘(अ)’ म्हणजे असाधारण अंक. ‘का.आ.’ असेल तर आदेश किंवा अधिसूचना. यांतलं काहीच नसेल आणि नुसतं ‘मार्गदर्शक तत्त्वे’ किंवा ‘परिपत्रक’ असेल, तर ३० दिवस पटलावर ठेवण्याची यंत्रणा तिथे नसते. ओला-उबरसारख्या ॲप टॅक्सींसाठी केंद्रानं २०२० मध्ये काढली ती अशीच मार्गदर्शक तत्त्वं होती. कलम ९३ सांगतं की परवाना देताना राज्य ती पाळू शकतं. पाळलीच पाहिजेत असं नाही. अशा कागदाला धोरण म्हणून स्थायी समितीच हात घालू शकते.

आणि राज्यानं केलेला नियम असेल तर दोन्ही समित्या विसराव्यात. तो विधानमंडळाच्या पटलावर जातो आणि तिथे त्याची छाननी करणारी उपविधान समिती वेगळी आहे. पुणे-मुंबई एक्सप्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. त्याच्या टोलबद्दलचं निवेदन दिल्लीला धाडलं तर फक्त टपालखर्च होईल.